फारकतीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा



धम्माचा स्वीकार केल्यावर घरातील देव्हारे गेले, नवससायास गेले, भटजीशिवाय मंगल परिणय होऊ लागले. हा पालट लहान नाही. परंतु नवराबायकोचे बिनसले म्हणजे मात्र आपली पावले पुन्हा जुन्याच वाटेने पडू लागतात, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. चार वडीलधारी मंडळी जमतात, दोन्ही बाजूंचे मामा-काका तावातावाने बोलतात, भांड्याकुंड्यांचा हिशेब होतो, आणि शेवटी मुद्रांकाच्या कागदावर ‘आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही’ असे लिहून दोघांच्या सह्या किंवा अंगठे घेतले जातात. एखादा नोटरी त्यावर शिक्का मारतो. याला आपण फारकत म्हणतो व घटस्फोट झाला असे समजून घरोघर निघून जातो.

दोघेही सही करण्यास तयार असतील तेव्हाची ही गोष्ट झाली. दोघांपैकी एकजण तयार नसेल तर आपली मंडळी हात टेकतात. “तो सही देत नाही, मग आता काय करणार?” असे म्हणून प्रकरण जिथल्या तिथे पडून राहते. मुलगी माहेरी भावाच्या घरात दिवस काढते. नवरा दुसरी बायको आणतो. पाच वर्षे जातात, दहा जातात. ती ना धड नांदती, ना धड मोकळी. आपल्या भाषेत अशा स्त्रीला ‘टाकलेली’ असा एक शब्द आहे. जिवंत माणसाविषयी असा शब्द वापरताना आपल्या जिभेला काही वाटत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसऱ्याची सही मिळाल्याखेरीज सुटका नाही, ही समजूत समूळ खोटी आहे, आणि आज मला तिच्याविषयीच लिहावयाचे आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने एकट्याने न्यायालयात जावे, आपले कारण सिद्ध करावे आणि समोरच्याच्या नकाराला न जुमानता विवाहबंधनातून मुक्त व्हावे, अशी सोय या देशाच्या कायद्यात १९५५ सालापासून आहे. किंबहुना कायद्याचा इतिहास पाहिला तर हाच मार्ग आधीचा आहे. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला, तेव्हा त्यात परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूदच नव्हती. ती १९७६ सालच्या दुरुस्तीने घातली गेली. म्हणजे पहिली एकवीस वर्षे या कायद्याखाली जो कोणी घटस्फोट मागत होता, त्याला समोरच्याचा दोष दाखवूनच तो मागावा लागत होता. दोघांचे एकमत हे घटस्फोटाचे मूळ नव्हे. तरीही आपण सहीसाठी उंबरठे झिजवीत बसतो.

त्यापूर्वीचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यात १९४७ सालीच हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला होता. पुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क घातला, तेव्हा संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली. ज्यांना शूद्र म्हणून हिणवले जाते त्या बहुसंख्य लोकांत काडीमोडीची रूढी पूर्वापार आहे, मग या कायद्याने नवीन पाप ते कोणते होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ते बिल रखडविले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या कारणांत या बिलाची झालेली परवड हे एक मोठे कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क त्यांचेच अनुयायी म्हणविणाऱ्यांच्या घरातील मुलीने वापरू म्हटले तर “कोर्टाची पायरी चढून घराण्याची अब्रू घालवू नकोस” असे आपण तिला ऐकवितो.

आता कोणी विचारील की, आपण तर बौद्ध. मग हिंदूंचा कायदा आपल्याला कसा लागू? प्रश्न रास्त आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन व शीख यांना तो लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि जो धर्मांतर करून बौद्ध झाला त्याचाही उल्लेख तेथे आहे. नावाचा सल अनेकांच्या मनात आहे. आपला स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी जुनी आहे व ती रास्तही आहे. परंतु ती मान्य होईपर्यंत घरातील लेकीने वाट पाहत बसावे, असे म्हणणारा मनुष्य तिचा हितचिंतक नव्हे. ज्यांना त्या नावाखाली मुळीच यावयाचे नाही त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याखाली लग्न करता येते व धम्मविधीने आधी झालेले लग्नही नोंदविता येते. त्यातही घटस्फोटाची कारणे बव्हंशी तीच आहेत.

ज्या घरांत नुकतीच दीक्षा झाली आहे तेथे आणखी एक गैरसमज आढळतो. पतीने दीक्षा घेतली, पत्नीने घेतली नाही. किंवा उलट झाले. मग “धर्म बदलला, आता लग्न आपोआप सुटले” असे कोणीतरी ठोकून देतो. लग्न असे सुटत नाही. जोडीदाराने धर्मांतर करणे हे घटस्फोटाचे एक कारण कायद्यात आहे खरे. पण ते या कायद्याच्या कक्षेबाहेरील धर्मात गेल्यास लागू होते. बौद्ध हे याच कायद्याच्या कक्षेत असल्याने हिंदू म्हणून लग्न झालेल्या जोडप्यापैकी एकाने धम्मदीक्षा घेतली एवढ्यावरून दुसऱ्याला घटस्फोट मागता येत नाही, आणि दीक्षा घेणाऱ्यालाही जुन्या लग्नाच्या जबाबदाऱ्या झटकता येत नाहीत. दीक्षेचे निमित्त करून पहिल्या पत्नीला वाऱ्यावर सोडणारा पंचशीलातील तिसऱ्या शीलाचा काय अर्थ लावतो, हे त्यानेच सांगावे. ज्यांचे मूळ लग्न ख्रिस्ती किंवा मुसलमानी कायद्याखाली झाले त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी वकिलाचा स्वतंत्र सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

आता त्या फारकतीच्या कागदाकडे वळू. रूढीने मिळणारा घटस्फोट कायद्याने सरसकट रद्द केलेला नाही. एकोणतिसाव्या कलमात त्याला संरक्षण आहे. पण त्यातील मेख पाहा. आमच्या जातीत अशी रूढी पुरातन काळापासून अखंड चालत आली आहे, हे जो म्हणेल त्यानेच न्यायालयात पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. ज्याने जातीचा त्याग केला, त्याने कोणत्या तोंडाने त्याच जातीच्या रूढीचा आधार मागावा? आणि मागितला तरी न्यायालय तो मान्य करीलच याचा काय भरवसा? जातपंचायतीच्या दंडेलीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्या पंचायतीचा पट आपण उठविला खरा. पण तिची बैठक अंगणात अजून मांडतोच.

या कागदाची किंमत कोण मोजते तेही पाहा. फारकत झाली असे समजून पुरुष दुसरे लग्न करतो. पहिले लग्न कायद्याने शाबूत असल्याने दुसरे मुळातच रद्दबातल ठरते आणि तो द्विभार्येच्या गुन्ह्यास पात्र होतो. पूर्वी हा गुन्हा दंडसंहितेच्या ४९४ कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमात आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. दुसऱ्या घरात गेलेल्या त्या मुलीचे काय? तिला पत्नीचा दर्जा नाही. तिच्या मुलांना कायदा औरस मानतो एवढाच काय तो दिलासा. आणि फारकत घेतलेल्या स्त्रीने पुन्हा संसार थाटला तर पहिला नवरा वाटेल तेव्हा उभा राहून तिला गुन्हेगार ठरवू पाहतो. एका कागदाने दोन-तीन घरांचे पाय असे अडकतात.

म्हणून हुकूमनामा हवा. तो समोरच्याची संमती नसताना कसा मिळतो हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण अज्ञानामुळेच आपली माणसे भितात.

केवळ “आमचे पटत नाही” एवढ्याने भागत नाही हे प्रथम समजून घ्यावे. संसार मोडून पडला आहे, तो पुन्हा जुळणे नाही, हे स्वतंत्र कारण या कायद्यात आजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ सालच्या मे महिन्यात, राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपल्या खास अधिकारात आपण या कारणावरून घटस्फोट देऊ शकतो असे ठरविले. पण तो अधिकार त्या न्यायालयापुरता आहे, खालच्या न्यायालयांना नाही. तेरावे कलम जी कारणे सांगते त्यांपैकी एखादे तरी दाखवावेच लागते. परपुरुषाशी किंवा परस्त्रीशी संबंध, क्रूरता, दोन वर्षांचा त्याग, बरा न होणारा मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, सात वर्षे ठावठिकाणा नसणे, ही त्यांतील ठळक कारणे. कुष्ठरोग हे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले, आणि ते योग्यच झाले. स्त्रीला याखेरीज काही जादा कारणेही आहेत. तिचे लग्न पंधरा वर्षांच्या आत लावून दिले असेल व तिने पंधरा पूर्ण झाल्यावर पण अठरा पूर्ण होण्यापूर्वी ते नाकारले असेल तर तेवढ्यावरून ती घटस्फोट मागू शकते. पोटगीचा हुकूम झाल्यावर वर्षभर किंवा अधिक काळ पतीपत्नी एकत्र आलेच नाहीत तरीही ती मागू शकते.

आपल्या वस्त्यांतून जी प्रकरणे दिसतात ती बहुतेक क्रूरता आणि त्याग या दोन कारणांत बसणारी असतात. १९५५ च्या मूळ कायद्यात या दोहोंवरून फक्त विभक्त राहण्याचा हुकूम मिळे. त्यांवरून थेट घटस्फोट १९७६ पासून मिळू लागला. ज्या आजीच्या काळात हे नव्हते तिने “आम्ही सोसलं, तूही सोस” म्हणावे हे एक वेळ समजू शकते. पण कायदा शिकलेल्या नातवाने तेच म्हणावे?

क्रूरता म्हणजे केवळ मारझोड नव्हे. मनाचा छळही क्रूरता आहे. १९७५ साली पुण्यात लग्न झालेल्या एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की, खुनाच्या खटल्यासारखा तिळमात्र संशय न उरेल इतका पुरावा येथे लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढे पाहून न्यायाधीश निर्णय देतो. चार भिंतींआड झालेल्या छळाला साक्षीदार कोठून आणू, असे म्हणून रडणाऱ्या भगिनींनी हे नीट ध्यानात घ्यावे. शेजारीण, भाऊ, दवाखान्याचा कागद, त्या वेळी लिहिलेले पत्र, भ्रमणध्वनीवरील संदेश, पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज, यांतूनही चित्र उभे राहते. दुसरी गोष्ट अधिक सावध करणारी आहे. त्या खटल्यात पत्नीकडून क्रूरता घडल्याचे मान्य होऊनही पती हरला, कारण त्यानंतरही तो तिच्याबरोबर पूर्ववत संसार करीत राहिला होता. त्याने दोष पोटात घातला असे न्यायालयाने धरले. अर्थात दोष पोटात घालणे हे कायमचे नसते. पुन्हा तसाच छळ सुरू झाला तर जुना दोषही पुन्हा जागा होतो, असेही त्याच निकालात आहे. तेव्हा मुलांकडे पाहून एकदा परत नांदावयास गेलेल्या स्त्रीचा हक्क कायमचा बुडाला असे समजू नये. मात्र नंतर काय घडले ते तारीखवार लिहून ठेवावे.

चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची खोड आपल्याकडे फार. पत्नीने अर्ज केला की पती आपल्या कैफियतीत तिच्या नावाशी कोणाचे तरी नाव जोडून मोकळा होतो. वकीलही पुष्कळदा असे लिहू देतात, हे त्या व्यवसायाला शोभत नाही. २००३ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे बिनपुराव्याचे आरोप हीच क्रूरता ठरविली, आणि पुढे ते आरोप कैफियतीतून काढून टाकले तरी दोष पुसला जात नाही असे सांगितले. म्हणजे खटला हाणून पाडण्यासाठी फेकलेला चिखलच खटल्याचे कारण होऊन बसतो.

त्यागाविषयी तर आपल्याकडे सर्वात मोठा घोटाळा आहे. जी घर सोडून गेली तिनेच त्याग केला, असे लोक सरळ धरून चालतात. नागपुरास लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्याच महिन्यात, म्हणजे १९५६ च्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या १९४७ च्या कायद्याखालील एका खटल्याचा निकाल दिला. पत्नी माहेरी गेली, परत आली नाही, सबब घटस्फोट द्यावा, असे पतीचे म्हणणे होते. परंतु तिची परत येण्याची तयारी असताना पतीने “तिला पाठवू नका” अशी तार तिच्या वडिलांना केली होती. पतीचा अर्ज फेटाळला गेला. त्याग म्हणजे नुसते वेगळे राहणे नव्हे. संसार कायमचा सोडण्याचा हेतूही त्याबरोबर असला पाहिजे, आणि तो सिद्ध करण्याचा भार अर्ज करणाऱ्यावर आहे, हे तत्त्व तेव्हापासून पक्के आहे. पुढचे पाऊल असे की, ज्याच्या वागण्यामुळे जोडीदाराला घर सोडणे भाग पडते, त्यानेच त्याग केला असे कायदा मानतो. मारून हाकलून दिलेली पत्नी ही पळून गेलेली पत्नी नव्हे, आणि हे आपल्या बैठकीतील वडीलधाऱ्यांना कोणीतरी ऐकवावयास हवे.

अर्ज कोठे करावयाचा? जेथे लग्न लागले, जेथे समोरचा राहतो, किंवा जेथे दोघे शेवटी एकत्र राहिली तेथे. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी अर्जदार असेल तर ती ज्या ठिकाणी राहत आहे तेथेही तिला अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या स्त्रीला सासरच्या तालुक्याला खेटे घालण्याचे कारण उरले नाही. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे अर्ज त्या न्यायालयात जातो. जेथे नाही तेथे नेमून दिलेल्या दिवाणी न्यायालयात. लग्नाला एक वर्ष पूर्ण झाले पाहिजे. असह्य हाल असतील तर त्याआधीही परवानगी मागता येते. लग्न झाल्याचा पुरावा लागतो. येथे आपली अडचण होते, कारण विहारात किंवा मांडवात त्रिशरण-पंचशील होऊन लग्न लागते आणि नोंदणी मात्र राहून जाते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वच लग्नांची नोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात नोंदणीचा कायदा त्याआधीच, १९९८ सालचा, आहे. नोंदणी नसली म्हणून लग्न खोटे ठरत नाही. लग्नपत्रिका, छायाचित्रे, विधी करणाऱ्याची साक्ष हे चालते. पण ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी जेवणावळीच्या हिशेबाआधी नोंदणीचा अर्ज भरावा.

अर्ज दाखल झाला की समोरच्यास समन्स जाते. पोस्टमनला किंवा बेलिफाला परत पाठवले की खटला बारगळतो असा एक भाबडा समज आहे. तो अत्यंत घातकी आहे. नाकारलेले समन्स पोहोचले असे धरले जाते, आणि न येणाऱ्याच्या गैरहजेरीत खटला एकतर्फी चालतो. त्या वेळीही अर्जदाराला आपले कारण शाबीत करावेच लागते. तरी समोरून उलटतपास करणारा कोणी नसल्यावर काय होते ते सांगावयास नको. काही महाभाग पत्नीचा पत्ता मुद्दाम चुकीचा देतात व तिच्या नकळत एकतर्फी हुकूमनामा मिळवितात. असे झाल्याचे कळताच स्वस्थ बसू नये. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते हे दाखवून तो हुकूमनामा रद्द करून घेता येतो. त्यालाही मुदत असते, आणि ती फार लांब नसते.

समोरचा हजर झाला म्हणजे तो कैफियत देतो, मुद्दे काढले जातात, पुरावा व उलटतपास होतो. तत्पूर्वी समेट घडवून पाहणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि कौटुंबिक न्यायालयात त्यासाठी समुपदेशक असतात. समेटाला माझा विरोध नाही. कित्येक संसार तेथे सावरतात. परंतु न्यायालयाच्या देखरेखीखालचा समेट आणि अंगणातील समेट यांत अंतर आहे. तेथे स्त्रीला एकटीला बोलू दिले जाते; आपल्या बैठकीत तिच्या वतीने तिचा बाप बोलतो आणि बापावर जावयाचे उपकार किंवा उसनवारी असते. शिवाय न्यायालयात ही कारवाई बंद दालनात चालते. अब्रूच्या धाकाने मागे राहणाऱ्यांनी विचार करावा की, जी गोष्ट तेथे बंद दाराआड बोलली जाते तीच आपल्या बैठकीत साऱ्या आळीदेखत चघळली जाते.

खटल्यास वेळ लागतो हे मी लपविणार नाही. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. कित्येकदा पती मुद्दाम तारखा वाढवितो, तिची मजुरी बुडावी आणि ती कंटाळून निघून जावी हाच त्याचा डाव असतो. याला उतारा एकच : खटला चालू असतानाच्या पोटगीचा व खर्चाचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. चोविसाव्या कलमाखाली हा अर्ज, शक्य तोवर, नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावयाचा असतो. २०२० सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे तारखा वाढविणाऱ्याची थकबाकीही वाढत जाते. मुलांच्या ताब्याचा व शिक्षणाचा हुकूमही खटला चालू असतानाच मिळू शकतो. घराबाहेर काढण्याची धमकी असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

पुष्कळदा पती उलट अर्ज करतो : मला घटस्फोट नको, तिने नांदावयास यावे. त्याला तिची माया असते असे नाही. पोटगी चुकविण्याची ती युक्ती असते. असा हुकूम झालाच तर पोलीस तिला धरून सासरी नेऊन सोडीत नाहीत. उलट वर्षभर त्याप्रमाणे एकत्र नांदणे झाले नाही तर त्याच कारणावरून दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. आणि अशा हुकुमानंतर ती गेली नाही एवढ्यावरून तिची पोटगी बंद होत नाही, तिचे न जाण्याचे कारण पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितले आहे.

वकिलाला द्यावयास पैसे कोठून आणावे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषालाही मिळतो, आणि बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश १९९० सालापासून आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्यालाही समिती असते. साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा. विहारात रविवारी जी मंडळी जमतात त्यांतील दोन शिकलेल्या तरुणांनी अशा बहिणीबरोबर त्या कार्यालयापर्यंत जावे. भाषणांपेक्षा या कामाची आज अधिक गरज आहे.

एवढे सारे स्त्रीच्या बाजूने लिहिले म्हणून पुरुषांनी नाराज होऊ नये. हा कायदा दोघांनाही सारखाच खुला आहे, आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला अशा पतीनेही याच दाराने जावे. मात्र तेविसावे कलम त्याने वाचून जावे. आपल्याच दोषाचा फायदा घेऊन कोणाला सुटका मागता येत नाही. दुसरी बाई घरात आणून ठेवावयाची आणि पहिली निघून गेली म्हणून त्यागाचा अर्ज करावयाचा, हे तेथे चालत नाही. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत तिचा सन्मान करणे, अपमान न करणे आणि तिच्याशी एकनिष्ठ राहणे ही आहेत. परित्राण पाठाला बसणाऱ्या किती पुरुषांना ती ठाऊक आहेत, हा प्रश्न मी येथेच सोडतो.

खटला चालू असताना समोरच्याचा हट्ट सैल पडतो, असेही पुष्कळदा होते. पोटगीचा हुकूम झाला, उलटतपासाची तारीख जवळ आली की सही न देणारा सही देण्याची भाषा बोलू लागतो. तेव्हा सूडबुद्धीने अडून बसू नये. चालू अर्जाचे रूपांतर परस्पर संमतीच्या अर्जात करता येते. त्यात सहा महिने थांबण्याची अट आहे. पण ती न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते असे २०१७ साली ठरले आहे. फक्त अटी तोंडी ठरवू नयेत. दागिने, मुलांचा खर्च, एकरकमी पोटगी हे सारे लेखी तडजोडीत यावे आणि रक्कम शक्यतो न्यायालयात जमा व्हावी. “सही कर, पैसे मागाहून देतो” या वचनावर विसंबलेल्या स्त्रिया पुढे किती उंबरठे झिजवितात ते आपण पाहतोच.

हुकूमनामा हाती आल्यावरही एक दक्षता घ्यावयाची राहते. त्याविरुद्ध अपील करण्याची मुदत नव्वद दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, आणि अपील झालेच असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, कोणीही दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नये. त्या तीन महिन्यांत हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून घ्यावी. पुढे नवी सोयरीक जुळवितेवेळी मुलाकडच्यांनी किंवा मुलीकडच्यांनी “फारकत झाली आहे ना?” असे विचारले, तर तीच प्रत त्यांच्यापुढे ठेवावी, आणि त्यांच्याकडेही आधीचे लग्न मोडलेले असेल तर त्यांच्या हुकूमनाम्याची प्रत मागून घ्यावी.